जावयाच्या घरातला अॅम्प्लिफायर

आमच्या हॉलमध्ये जो लहानसा अॅम्प्लिफायर आहे, तो पाहून घरी येणारे शौकीन लोक जरा हिरमुसतात. त्यांचा दोष नाही. माझ्या नवऱ्याने गेली कित्येक वर्षं भेटेल त्या माणसाला स्टिरिओवर व्याख्यानं दिली आहेत. त्यामुळे लोक कपाटाएवढं काहीतरी बघायला मिळेल अशा आशेने येतात आणि त्यांना दिसतं पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर. "एवढंच?" असं कोणी तोंडाने म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते लिहिलेलं असतं. मग नवरा अगदी शांतपणे सांगतो, "आमच्या मामींनी निवडलाय."

मामी म्हणजे माझी आई. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो आणि सासू जावयाला पाव्हणं म्हणते, मग तो पाव्हणा तीस वर्षं रोज समोर बसून जेवत असला तरी.

नवरा मूळचा नांदेडचा. कॉलेजात असताना तो ज्या खोलीत भाड्याने राहायचा, त्या घराच्या मालकाकडे वरच्या मजल्यावर चांगला स्टिरिओ होता. याच्यापर्यंत पोचायचा तो फक्त छतातून झिरपणारा धप-धप आवाज. गाणं ऐकायचं असेल तर जिन्यावर बसावं लागे, आणि मालकीणबाई खाली उतरल्या की चपलेचा पट्टा लावायचं सोंग करावं लागे. आपलं घर झालं की आपला स्टिरिओ घ्यायचा, हे त्याने त्या जिन्यावरच ठरवलं होतं. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या, मुलगी शिकायला बाहेर गेली, आणि शेवटी लातूरला आम्ही घर बांधलं. घराच्या नकाशात इंजिनिअरने स्वयंपाकघर कुठे असावं असं मला विचारलं, तर हा मधेच म्हणाला, "हॉलच्या या भिंतीला खिडकी नको. तिथं स्पीकर येणार." अजून पाया खणायचा होता.

त्याच वर्षी आई आमच्याकडे राहायला आली.

ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहायची. वडील गेल्यावरही तिने गाव सोडलं नव्हतं. मग एकदा शेतातून येताना चक्कर येऊन पडली, बीपी फार वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी एकटं ठेवू नका म्हणून बजावलं. भाऊ पुण्यात असतो. तिने पुण्याचं नावही काढू दिलं नाही. राहता राहिले मी. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे जावयाच्या घरी राहायचं, आणि तिच्या पिढीत जावयाच्या घरी सासूने पाणी जरी मागितलं तरी चारचौघांत बोलणं होई.

म्हणून आईने आमच्या घरात एक पद्धत ठेवली. कशालाही नाव ठेवायचं नाही. नवरा समोर आला की पदर डोक्यावर, तो जेवल्याशिवाय जेवण नाही, आणि काहीही विचारलं की उत्तर एकच, "छान हाय." एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. नवऱ्याने विचारलं, "मामी, भाजी कशी झालीय?" ती म्हणाली, "छान हाय." मी शाळेत शिकवते, मुलांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखायची मला सवय आहे, पण आईपुढे माझी सगळी विद्या संपली. तिला काय आवडतं, काय खुपतं, हे त्या घरात कोणालाच कळत नव्हतं.

तर अशा घरात स्टिरिओ आला.

आमच्या भागात आवाज विकत घेण्याची एक रीत आहे. दुकानदार तुम्हाला खुर्चीवर बसवतो, बटण फिरवतो आणि विचारतो, "छातीत बसतोय का?" छातीत बसला तर माल चांगला. वॅट किती, वूफर किती इंची, यावर सगळं ठरतं. गाणं कसं ऐकू येतं हा प्रश्न लातूरच्या त्या दुकानात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या नवऱ्याने फोनवर शेकडो व्हिडिओ पाहिले होते, खोलीच्या मानाने अॅम्प्लिफायर केवढा असावा हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्या खुर्चीवर बसल्यावर छातीत काहीतरी बसलं आणि सगळा अभ्यास हवेत विरला. एक दांडगा अॅम्प्लिफायर, कमरेएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्या जोडीला वूफरचं एक वेगळं खोकं, अशी वरात टेम्पोतून घरी आली. मी म्हटलं, "लग्न कोणाचंय?" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिलं गाणं लागलं तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फरशीतून तो आवाज तळपायाला लागत होता. नवऱ्याने हौसेने विचारलं, "कसं वाटतंय मामी?"

"लई छान हाय, पाव्हणं."

दुसऱ्या दिवशी तिने आपलं अंथरूण ओसरीवर नेलं. का, तर म्हणे आत उकडतं. दिवस थंडीचे होते. मी शाल पांघरून चहा करत होते आणि आई मला उकाड्याबद्दल सांगत होती. मग तिच्या खोलीतल्या फळीवरचं सगळं सामान जमिनीवर उतरलं. मग दारामागे स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचलेले दिसू लागले. मी ते उचलून मांडणीवर ठेवले की संध्याकाळपर्यंत पुन्हा तिथेच. आणि आठवडाभरात तिने हळूच विषय काढला की गावाकडचं घर बंद पडलंय, आता बरं वाटतंय, तर जाऊन राहावं म्हणते. ती पुन्हा एकटी राहिली आणि पुन्हा चक्कर आली, तर या वेळी कोणाला दिसेल याची खात्री नव्हती. मी विचारलं, "इथं काही कमी पडतंय का?" ती म्हणाली, "न्हाई बाई. सगळं छान हाय." हे ऐकून मी चिडले आणि भांडी आदळत राहिले, त्यातून निष्पन्न काहीच झालं नाही.

खरं काय ते एका रविवारी सकाळी कळलं, आणि सगळ्या गल्लीसमोर कळलं.

नवरा हॉलचं दार लावून वूफर तपासत बसला होता. व्हिडिओत कोणीतरी सांगितलं होतं की वूफरची खरी परीक्षा अगदी खालच्या स्वरांवर होते, इतक्या खालच्या की ते कानाला नीट ऐकूच येत नाहीत, नुसते जाणवतात. त्याने ते लावले. मी भाकरीचं पीठ मळत होते. एकाएकी आई ओसरीवरून आत आली, माझा पिठाचा हात धरला आणि मला ओढतच म्हणाली, "भाईर चल. पाव्हण्यांना आदी बोलव, त्यांना आदी." मला कळेना. तोवर ती स्वतःच हॉलच्या दारापाशी गेली. तिथेही तिने आधी पदर डोक्यावर घेतला, दारावर हलकी टकटक केली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाव्हणं, जरा भाईर येता का?"

घर कोसळणार आहे अशी खात्री असतानाही तिने जावयाला हाक मारली नाही, विनंती केली. ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि लगेच डोळ्यांत पाणी येतं.

नवऱ्याने ते स्वर थांबवले आणि तो बाहेर आला. गल्लीत माणसं जमली होती. आमच्या गल्लीतली बरीच घरं औसा-निलंग्याकडच्या माणसांची. त्या भागात जमिनीतून अधूनमधून गूढ आवाज येतात, आणि भूकंप भोगलेली माणसं त्या आवाजाला फार जपून असतात.

"आला का आवाज?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"आला की. आमची भांडी वाजली," शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले.

तेवढ्यात गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला की परिसरात गूढ आवाज झाला असून कोणी घाबरून जाऊ नये. माझ्या नवऱ्याने तो वाचला आणि खाली स्वतः लिहिलं, "सर्वांनी काळजी घ्यावी." हे मी त्याला जन्मभर विसरू देणार नाही. पाच-दहा मिनिटं सगळे उभे राहिले, काही झालं नाही, मग एकेक जण घरात गेला. नवराही गेला आणि राहिलेली परीक्षा त्याने पुन्हा सुरू केली. गल्ली पुन्हा रस्त्यावर आली. या वेळी तलाठीकाकांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. काच थरथरत होती. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन काचेला कान लावला आणि मग इतके हसले की त्यांना आमच्या पायरीवर बसावं लागलं. सगळी गल्ली हसली. नवरा लालबुंद होऊन सगळ्यांची माफी मागत फिरला.

आई हसली नाही. ती अनवाणी, गेटची सळई धरून उभी होती.

त्या संध्याकाळी नवरा ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. आई तिच्या अंथरुणावर, अर्धी पाठमोरी. मी दारात. मला वाटलं, हा आता माफी मागेल, ती "छान हाय" म्हणेल आणि झालं. पण त्याने विचारलं, "मामी, तेव्हा आवाज कसा आला होता?"

मी चमकले. भूकंपाबद्दल आईला लोकांनी किती काय विचारलं होतं. घरात कोण गेलं, किती खोल्या पडल्या, सरकारने काय दिलं, नवं घर कसं आहे. मीही तेच ऐकत वाढले. तेव्हा मी लहान होते, वडिलांबरोबर शेतावर झोपले होते. घरात आई होती आणि तिची धाकटी बहीण होती, गणपतीसाठी आमच्याकडे आलेली. मावशी त्यात गेली, आई वाचली. एवढंच मला ठाऊक होतं. आवाज कसा होता, हे तिला कोणीच विचारलेलं नव्हतं.

आई पदर नीट करत म्हणाली, "आदी लांबून आला. भरल्या ट्रकावानी. खालून. पहाटचं व्हतं, मी जागी झाले. वाटलं, रस्त्यानं ट्रक चाललाय उसाचा. म्हून कूस बदलली." मग थोड्या वेळाने, "ती आतल्या खोलीत व्हती. तवाच हाक मारली असती तर भाईर आली असती. मी कूस बदलली, पाव्हणं."

नवरा म्हणाला, "तो आवाज ट्रकसारखाच असतो, मामी. कोणालाही ट्रकच वाटला असता."

तिने मान हलवली. ते पटलं म्हणून की नुसतीच, मला कळलं नाही. पण बोलता-बोलता तिचा पदर खांद्यावर आला होता आणि तिने तो वर घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वूफरसकट सगळं परत टेम्पोत चढलं. दुकानदाराने कुरकुर करत सगळा संच परत घेतला. मी नवऱ्याला म्हटलं, स्टिरिओ राहू दे आता, तुझा फोन आहे, कानात बोळे घाल आणि ऐक. तो म्हणाला, "नाही. घरात गाणं लागलं आणि मामी आत झोपल्या, असं मला करायचंय. हे दोन्ही होतंय का ते बघून राहिलोय मी." रागावला किंवा हट्टाला पेटला की त्याचं नांदेड बाहेर येतं.

पुढच्या सुटीला त्याने आईला गाडीत घातलं आणि आम्ही अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. वजिराबादेतल्या एका दुकानात त्याची कॉलेजपासून ओळख आहे. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ, वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ मिळायचे. त्यांनी आईला पंख्याखाली बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "अम्मा, आराम से सुनो. घाई नक्को."

पहिला संच लागला. नवऱ्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "छान हाय."

दुसराही छान होता. तिसराही. त्यातल्या एकाने तर समोरच्या कपबश्या खुळखुळत होत्या आणि आईची बोटं खुर्चीच्या हातावर पांढरी पडली होती. मला आता बोलावंसं वाटत होतं. पण नवरा उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मामी, तोंडानं काही सांगू नका. या लाकडी काउंटरवर हात ठेवा नुसता. नको वाटला की हात काढा. हात काढला की बंद. तुम्ही नाव ठेवलं असं होत नाही."

मालक हे ऐकून हसले आणि मान डोलावत त्यांनी काउंटरवरची सगळी बिलं बाजूला केली. आईने हात ठेवला.

आणि मग माझी सगळ्याला छान-छान म्हणणारी आई एकामागून एक माल नाकारत सुटली. मोठे स्पीकर लागले, हात उचलला. तेच स्पीकर बेस कमी करून लावले, थोडा वेळ ठेवून उचलला. वेगळा अॅम्प्लिफायर, उचलला. मालकांनी कौतुकाने लावलेला परदेशी संच तर तिने गाण्याच्या पहिल्या ओळीतच उडवला. तिच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही, पण तिला पसंत-नापसंत आहे, एवढी ठाम आहे, हे मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. नवरा दरवेळी लगेच बंद करायचा. एकदाही "अजून थोडं ऐका" म्हणाला नाही. त्या दुपारी मला तो फार आवडला, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी कधी सांगणार नाही.

शेवटी मालकांनी एक लहान अॅम्प्लिफायर काढला, दोन्ही बाजूंना मिळून आमच्या हॉलला पुरेल एवढ्याच ताकदीचा, बेस आणि वरच्या स्वरांची वेगवेगळी बटणं असलेला. त्याला पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर जोडले. खाली जाड रबराचे तुकडे ठेवले, म्हणजे लाकडात थरथर उतरत नाही. एका बाईचा गाण्याचा आवाज आला, नुसता गळा आणि तंबोरा. आईचा हात काउंटरवर राहिला. गाणं संपलं तरी राहिला. मालकांनी बासरी लावली, मग तबला असलेलं एक गाणं. हात तिथेच. तिने दुसऱ्या हाताने गार झालेला चहा उचलला आणि प्यायली.

"डग्गा थोडा पातळ लागून राहिला," नवरा स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, "हाव, हाच द्या."

घरी आल्यावर मी म्हटलं तरी त्याने स्पीकर फळीवर चढवले नाहीत. डोक्याच्या वर जड वस्तू आईला चालत नाही, म्हणून दोन बुटके स्टूल करून घेतले. वाटलं होतं, झालं, आता आई आत येईल. तसं काही झालं नाही. ती ओसरीवरच झोपत राहिली. जमीन हलली की खणखणून जागं करतील म्हणून रचलेले ते पेलेही दारामागे राहिले. नवरा रोज संध्याकाळी अर्धा तास काहीतरी हळू लावायचा आणि तिच्याकडे बघायचंही टाळायचा. होळीच्या सुमाराला अंथरूण ओसरीवरून उंबऱ्यापाशी आलं. उन्हाळ्यात, आता खरंच उकडायला लागल्यावर, ते खोलीत गेलं, दारालगत, आणि दार रात्रंदिवस उघडंच. गावी जायचं अधूनमधून निघत होतं. मी आता विचारत नव्हते, आणि भांडीही आदळत नव्हते.

मग एका रविवारी जेवणं झाली. मी ओट्यावर भांडी लावत होते, नवरा हॉलमध्ये एक लांबलचक राग लावून डोळे मिटून बसला होता. तासभर तरी ते चाललं असेल. आतून आईचा आवाज आला, स्पष्ट, चढा, शेतातून हाक मारावी तसा.

"पाव्हणं, बंद करा की आता ते. झोपू द्या जरा मानसाला."

मी हातातलं पातेलं धरून तशीच थांबले. या घरात तिने पहिल्यांदा कशाला तरी नाव ठेवलं होतं, आणि तेही थेट त्याला. हॉलमधलं गाणं लगेच बंद झालं. नवरा पायांचा आवाज न करता स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, प्रमोशनचा फोन आला.

"ऐकलंस का?" तो कुजबुजला. "मामी रागावल्या मला."

"ऐकलं," मी म्हटलं. मी पदराने डोळे पुसले, आणि आईच्या खोलीचं दार आतून लागल्याचा आवाज आला.